चेहरा चौकटीत ठेवा

४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, ती देत नव्हती. शेवटी मी तिच्यासमोर बसून चहा प्यायले. तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून माझ्या अंगावर सांडला, तेव्हा तिने वही काढली.

मुद्द्याचं सांगते. मला तुझा चेहरा हवा आहे. दहा मिनिटांसाठी.

आठवड्यापूर्वी सकाळी दात घासताना तोंडात पाणी राहीना. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू खाली आलेली, ओल्या कपड्यासारखी. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. तीन-चार महिन्यांत येईल जागेवर, बहुतेक. तो डोळा मिटत नाही, झोपताना पट्टी चिकटवते. प, ब, म ओठांत थांबत नाहीत, हवा होऊन जातात. माझं प्रत्येक भाषण ज्या शब्दाने सुरू व्हायचं तो ‘बायांनो’ मला म्हणता येत नाही. तुला हसू येत असेल तर हस. मीही हसले एकदा, पण अर्धीच.

आता खात्याचं. तू गेल्यावर आमच्या रस्त्यावरची बँकेची शाखा बंद झाली. तिथे आता नखं रंगवून देतात. मग आम्ही सगळ्यांनी फोनवरच्या बँकेत खाती उघडली. तिला दार नाही, खिडकी नाही, दोरीने बांधलेलं पेन नाही. पण तिच्या कार्डाने खरेदी केली की थोडे पैसे परत येतात. त्याला कॅशबॅक म्हणतात. महिन्याची खरेदी थोडी असेल तर शेकडा एक परत, एका आकड्याच्या वर गेलात तर शेकडा पाच. तो आकडा असा बेताने ठरवलेला की आपल्या दवाखान्याच्या धुलाईघरातली एकही बाई तिथवर पोचू नये. ज्याला गरज नाही त्याला पाच, जिला आहे तिला एक. मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

जेवणाच्या सुट्टीत मळक्या चादरींच्या पिशव्यांवर चढले आणि म्हणाले, एकेकटी आपण एक टक्क्याच्या. चौदा जणी एका कार्डावर आलो तर पाच टक्क्यांच्या. त्यांनी लावलेलं आमिष आपण खायचं आणि गळ तसाच ठेवायचा. टाळ्या पडल्या. मग प्रत्येकीने महिन्याच्या किराण्याचे पैसे माझ्या खात्यात टाकायचे, शनिवारी सगळ्यांची खरेदी माझ्या कार्डावर, आणि परत येईल तो कॅशबॅक बाजूला. आजारपणाचा निधी. ठेकेदार अजूनही आजारी बाईचा पगार कापतो, ते तुला सांगायला नको. सात महिने छान चाललं.

परवा खातं गोठलं, फोनवर बँकेचा निरोप आला. ‘आपले व्यवहार वैयक्तिक वापराचे वाटत नाहीत. ओळख पटवण्यासाठी चेहरा चौकटीत ठेवा.’ ठेवला. ‘हसा,’ म्हणाली. हसले. ‘आपला चेहरा जुळत नाही.’ दिवसातून तीनदा विचारते, तीनदा नाकारते. चार मार्चपर्यंत चेहरा जुळला नाही तर खातं बंद, आणि शिल्लक चौकशी पूर्ण झाल्यावर मिळणार. चौकशीला सहा महिनेही लागू शकतात. चौदा घरांचा किराणा त्यात आहे.

माझा जुना चेहरा आता जगात एकाच ठिकाणी आहे. खातं माझं, पैसे आमचे, चेहराही माझाच, फक्त तो सध्या तुझ्याकडे आहे. यात फसवणूक कुठे होते ते मला दाखव, मी माघार घेते.

जुळ्या असलो तरी अकरा वर्षं झाली; तू अजून माझ्यासारखी दिसतेस ना? मावशी म्हणाली तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि थोडी वाळली आहेस. वाळली असलीस तर चालेल, केस रंगवले असलेस तर मात्र अडचण होईल. येण्याजाण्याचं भाडं मी देईन.

थोरली

१२ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे, अकरा वर्षांत मीही लिहिलं नव्हतं.

नऊ दिवस मागे लागल्यावर बँकेतून एक माणूस बोलला. खरा माणूस, श्वास ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आपण खातेदारांच्या कोण?”

म्हटलं, “मीच खातेदार.”

“जरा त्यांना फोन देता का?”

“अरे बाळा, मीच बोलतेय.”

“काही हरकत नाही आजी. त्या घरी आल्या की फोन करायला सांगा.”

बावन्न वर्षांची मी, आजी झाले. दवाखान्याच्या फाटकाशी मी तोंड उघडलं की वरच्या मजल्यावरचे डॉक्टर खिडक्या लावून घ्यायचे, आणि या पोराला माझ्या तोंडून मीच आहे हे कळेना.

डॉक्टरांचा दाखला तीनदा पाठवला. ‘कागद चौकटीत ठेवा. कागद स्पष्ट दिसत नाही.’ चौथ्यांदा खिडकीशी उन्हात धरून पाठवला, तर उत्तर आलं की हा कागद ओळखपत्र म्हणून चालत नाही. ओळखपत्र म्हणून मी पाठवलाच नव्हता. मोर्चा न्यायचा म्हटलं तर कुठे न्यायचा? पत्ता शोधून काढला. दुसऱ्या शहरात एका काचेच्या इमारतीत सातवा मजला. खाली उभं राहून ओरडायला ओठ लागतात.

इस्त्रीवाली आली होती. तू गेल्यावर लागली ती, तुला ठाऊक नाही. वाफेच्या रोलरमध्ये चादर अडकली ती ओढायला गेली आणि हात कोपरापर्यंत भाजला. तीन आठवडे घरी, बिनपगारी. आपला निधी होता तो नेमका अशाच वेळेसाठी. दारातच उभी राहिली.

“ताई, माझे पैसे तुमच्याकडे आहेत ना?”

“आहेत.”

“मग द्या की.”

“बँकेत अडकलेत.”

“बँक कुठे आहे?”

मी फोन दाखवला. तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “यात?” म्हणाली. मला चहा करू का विचारलं. एका हाताने केला, आणि पिताना माझ्याकडून तो सांडतो हे तिने पाहिलं.

तू मनात ते भाषण धरून बसली असशील हे मी जाणते. संपाचे दिवस होते ते. चौथा आठवडा, घराघरांतले डबे रिकामे, ठेकेदाराची माणसं रोज एकेकीच्या दाराशी. अशा वेळी फूट दिसली की संप मोडतो. तू मागच्या दाराने आत गेलीस, कोणीतरी पाहिलं, मी फाटकाशी तुझं नाव घेतलं. तुझं वाईट झालं हे मला मान्य आहे. पण मी खोटं एक अक्षर बोलले नाही.

चार मार्च लक्षात ठेव. माझ्यासाठी येऊ नकोस हवं तर. इस्त्रीवालीसाठी ये.

थोरली

१९ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, ओळ. ‘येईन. आधी त्या चौदा जणींना सांग, मला आत कोणी पाठवलं होतं.’ खाली सहीसुद्धा नाही.

म्हणजे तूही बँकच निघालीस. आधी ओळख पटवा, मग दार उघडू.

तू काय मागते आहेस याची तुला कल्पना आहे का? त्या संपाने आम्हाला हातमोजे मिळवून दिले. रक्ताच्या चादरी आपण उघड्या हातांनी वेगळ्या करायचो, आठवतं? त्या संपाने आठ तासांचा दिवस दिला, बसायला बाक दिला, गरोदर बाईला यंत्रांपासून लांबचं काम दिलं. त्या चौदांतल्या नऊ जणी तेव्हा नव्हत्याच. त्यांनी फक्त गोष्ट ऐकली आहे, की ताईने सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही. त्या गोष्टीवर त्या माझ्यामागे उभ्या राहतात. ठेकेदारही त्या गोष्टीला घाबरतो. तीच तू मला मोडायला सांगतेस, तेही माझं तोंड असं असताना. इतकी वर्षं थांबलीस, अजून चार महिने थांबली असतीस तर निदान मला नीट उच्चार तरी करता आले असते.

मी हे करणार नाही. चेहरा तुझ्याकडेच ठेव.

*

वरचं दुपारी लिहिलं. पाकीट चिकटवायचं राहिलं, कारण इस्त्रीवाली परत आली. या खेपेला पैशांचं काही बोलली नाही. पट्टी बांधलेल्या हाताखाली एक पुडकं धरलं होतं, कागदी नळ्यांचं. “यातून प्या चहा,” म्हणाली, “सांडणार नाही. डाव्या बाजूने धरा.” आणि निघाली. तिचा महिनाभराचा किराणा माझ्या फोनमध्ये बंद आहे, तरी तिने दुकानात जाऊन माझ्यासाठी नळ्या घेतल्या. मी विचारलं, किती दिले? “असू दे हो ताई,” म्हणाली.

मी नळीने चहा प्यायले. थेंबही सांडला नाही. त्या चहाने मला जितकी लाज वाटली तितकी तुझ्या ओळीने वाटली नव्हती.

माझ्याकडे युक्तिवाद खूप आहेत. वर वाचलेस ना. सगळे चांगले आहेत. पण मी त्यांना आता कंटाळले आहे.

शनिवारी सांगेन.

थोरली

२६ फेब्रुवारी

धाकटे,

सांगितलं.

शनिवारी खरेदी नव्हतीच, तरी सगळ्या जमल्या, घड्या घालायच्या खोलीत. मी पिशव्यांवर चढले नाही, टेबलाशी बसून बोलले. मागच्यांना कळेना, म्हणून दोनदा सांगावं लागलं. एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगायला जितकं बळ लागतं त्याच्या दुप्पट ती त्याच शब्दांत परत सांगायला लागतं. सजवता येत नव्हतं. जे शब्द ओठांवर टिकतात तेवढेच वापरले.

तुलाही इथे लिहून देते, म्हणजे मी काय सांगितलं याबद्दल शंका नको.

चौथ्या आठवड्यात लहान मुलांच्या वॉर्डातली परिचारिका फाटकाशी आली आणि माझ्या कानात म्हणाली, चादरी संपल्या, पोरं नुसत्या रेक्झिनवर झोपवली आहेत, पाठीला चिकटतंय. संपाच्या समितीला विचारलं असतं तर निम्म्या जणी म्हणाल्या असत्या, चिकटू दे, दवाखान्याला कळू दे. म्हणून मी विचारलंच नाही. मी तुला म्हटलं, एक पाळी, एक यंत्र, फक्त पोरांच्या चादरी, आणि कोणाला सांगायचं नाही. तू विचारलंस, “मग तू का जात नाहीस?” मी म्हटलं, मला कोणी पाहिलं तर संप संपला.

पाहिलंच कोणीतरी, आणि त्याला वाटलं मीच. सकाळी फाटकाशी दोनशे बाया माझ्याकडे बघत होत्या. मी स्टुलावर चढले. “मी नव्हते, माझी बहीण होती, आणि तिला मी पाठवलं होतं.” एवढंच म्हणायचं होतं. मी पहिली दोन वाक्यं म्हटली आणि टाळ्या सुरू झाल्या. मग मी थांबले नाही. एका पोटात नऊ महिने माझ्या शेजारी झोपलेली, असं काय काय बोलले. तू गर्दीत उभी होतीस तुझ्या लेकीचा हात धरून. तू एका वाक्यात मला खाली आणू शकली असतीस. नाही आणलंस. संप पुढे नऊ दिवसांनी जिंकला, आणि मला वाटत राहिलं की तो माझ्या भाषणाने जिंकला.

हे दोनदा सांगून संपलं. पलीकडे मोठं यंत्र पिळत होतं. मग इस्त्रीवाली म्हणाली, “बरं. मग त्या कधी येतायत?”

काही जणी हसल्या. सगळ्या नाही. पिशव्या मोजणारी एक तरुण मुलगी आहे, संघटनेत मीच तिला आणली, माझी भाषणं तोंडपाठ करायची. ती उठून गेली. सोमवारी तिने मला ‘ताई’ म्हणायच्या ऐवजी ‘मॅडम’ म्हटलं. दवाखान्यातल्या साहेबीण बाईंना म्हणतात तसं.

आणि आपली सगळ्यांत जुनी घडीवाली, गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसून घड्या घालते ती. सगळ्या गेल्यावर चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दोघींनी चादर ताणली, दुमडली, जवळ आलो.

“मला ठाऊक होतं,” म्हणाली. “त्या चादरी वॉर्डात मीच नेल्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलत होतीस की.”

आणि पुढची चादर घेतली.

तुझी अट पुरी झाली. अट नसती तर मी हे केलं नसतं, हेही लिहून ठेवते. रविवारी ये. चार तारखेच्या आत.

थोरली

९ मार्च

धाकटे,

तू इथे होतीस तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून जे आपण दोघींनी पाहिलं तेच परत लिहिते आहे.

दार उघडलं तेव्हा मी आधी तुझे केस पाहिले. रंगवले नव्हतेस. मग लाज वाटली की अकरा वर्षांनी बहीण दारात आली आणि आपण माल तपासतो आहोत. तूही माझ्या चेहऱ्याकडे तसंच पाहिलंस, दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकाचं माप घेतात तसं. “डोळ्याला थेंब घालतेस का?” एवढंच विचारलंस. मी हो म्हटलं. घालत नव्हते. आता घालते.

स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसलो. तू चष्मा काढलास, केस मागे बांधलेस, खात्यावरच्या फोटोत माझे आहेत तसे. फोन म्हणाला चेहरा चौकटीत ठेवा, ठेवलास. डावीकडे वळा, वळलीस. हसा, म्हणाला. तू नुसती बघत बसलीस.

“हसल्याशिवाय नाही चालत याला?”

“नाही.”

“मला नाही येत असं सांगितल्यावर.”

मी तुला करून दाखवायला गेले. मी हसले की काय होतं ते तू तेव्हा पहिल्यांदा पाहिलंस. डावा गाल वर, उजवा आपल्याच विचारात. तुझ्या तोंडून हसू निसटलं आणि फोनने ते उचललं. वर हिरवी रेघ फिरली, ‘स्वागत आहे’ म्हणाला, पुढे माझं नाव.

दोघी त्या नावाकडे बघत राहिलो. तू चष्मा चढवलास आणि म्हणालीस, “परत एकदा मला बघून तुझं नाव घेतलं. या खेपेला स्टुलावर चढू नकोस म्हणजे झालं.”

मी खाली बघून फोनची काच पुसत बसले.

पुढचं तू गेल्यावर घडलं ते असं. त्याच दुपारी चौदा जणींचे किराण्याचे पैसे जिच्या तिच्या खात्यात पाठवले. कॅशबॅक मात्र बँकेने काढून घेतला, सात महिन्यांचा, ‘सवलतीचा सामूहिक वापर आढळला’ असं कळवून. सामूहिक हा शब्द मी आयुष्यभर अभिमानाने वापरला, आता तो गुन्ह्याच्या रकान्यात वाचला. पूर्वीची मी असते तर यावर पाऊण तास बोलले असते. मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासली.

निधी गेला तेव्हा इस्त्रीवालीचं काय, हा प्रश्न होताच. घडीवालीने बाकावरच मांडीवरची उशीची खोळ पसरली आणि म्हणाली, टाका. कार्ड नाही, टक्का नाही. पिशव्या मोजणाऱ्या मुलीने सगळ्यांत आधी टाकले, माझ्याकडे न बघता. संघटनेची चिटणीस आता तीच असावी असं मी सुचवलं. तिने नाही म्हटलं नाही. पत्रकं चांगली लिहिते, वाक्यं जरा लांब करते. माझ्यामुळे.

बाया म्हणाल्या, आता ते खातं बंद करून टाका. मी म्हटलं, ठेवते. का ते सांगितलं नाही. तुला सांगते, कारण न सांगता तुला बोलावणं मला जमलं असतं, आणि ती सवय मला मोडायची आहे.

चेहरा जुळल्यावर एक सूचना आली होती. तू तोवर चपला घालत होतीस, मी ती वाचून दाखवली नाही. एकदा गोठलेल्या खात्याची ओळख नव्वद दिवसांनी पुन्हा तपासतात. म्हणजे तीस मे. तेव्हा फोन परत चौकट दाखवणार आणि परत हसा म्हणणार.

डॉक्टर म्हणतात, तोवर माझा चेहरा जागेवर आलेला असेल. काल उजवी भुवई थोडी हलली. तेव्हा तुझ्या चेहऱ्याची गरज पडणार नाही, हे आधीच स्पष्ट लिहिते. भाड्याचे पैसे तू टेबलावर ठेवून गेलीस ते तसेच आहेत.

तीस मेला ये.

थोरली